कीचकाची सावली : मोठ्यांची हलती चित्रे आणि पुढच्या रांगेतली मुले

१/
कार्टून हे मुलांचे, ही समजूत आपल्याकडे फार तर दोन पिढ्यांची आहे. त्याआधीची कित्येक शतके हलती चित्रे मोठ्यांसाठी केली जात, मोठेच त्यांचा खर्च करीत आणि मुले न बोलावता पुढच्या रांगेत येऊन बसत. आजचा धागा त्या पुढच्या रांगेविषयी आहे. वाट कोल्हापूरवरून जाते. पण आरंभ घाटाखाली पिंगुळीत आणि सीमेपलीकडे कर्नाटकात करावा लागेल. सोबतीला एकच कथा घेऊ : कीचकवध.

२/
कथा सर्वांना ठाऊक आहे, तरी क्षणभर नव्या नजरेने पाहा. अज्ञातवासातली द्रौपदी सैरंध्री या नावाने विराटाच्या अंतःपुरात दासी म्हणून राहते. राणीचा भाऊ आणि राज्याचा सेनापती असलेला कीचक तिच्यावर डोळा ठेवतो. ती नकार देते, भर सभेत अपमान सोसते, कोणी दाद घेत नाही. अखेर ती त्याला रात्री नृत्यशाळेत बोलावते; तिथे अंधारात भीम वाट पाहत असतो. सत्तेचा माज, वासना, रक्तपात आणि सूड, सगळे काही यात आहे. तरीही महाराष्ट्रातल्या प्रत्येक आजीने ही कथा नातवंडांना सांगितली आणि कोणाही आजीला त्यासाठी प्रमाणपत्र घ्यावे लागले नाही.

३/
चित्रे दाखवीत कथा सांगणारा माणूस दख्खनेत फार जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लासा'त चित्रकथकाची व्याख्याच दिलेली आढळते : रंगीत चित्रांसह जो कथन करतो तो. त्या काळी कोल्हापुरात शिलाहारांचे राज्य होते आणि शिलाहार हे याच चालुक्यांचे मांडलिक. शतकभरानंतरच्या ज्ञानेश्वरीत दोरीने नाचवायच्या बाहुलीसाठी 'सायखडे' हा शब्द येतो, आणि तोही ब्रह्मविद्या समजावताना. ज्या श्रोत्यांसाठी ही उपमा योजली, त्यांनी बाहुल्यांचे खेळ पाहिले होते एवढे निश्चित.

४/
कुडाळ तालुक्यातल्या पिंगुळी गावचा ठाकर समाज आजही तीन कला सांभाळतो : चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या. एका आख्यानाच्या चित्रांचा गठ्ठा म्हणजे 'पोथी'. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली. कथा पुढे सरकते तसे पान उलटते. सावंतवाडीच्या सावंत-भोसल्यांचा या कलेला आश्रय होता आणि देवळांतून तिचे सादरीकरण होत असे. २०२१ मध्ये परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा अनेकांना पिंगुळी हे नाव प्रथम कळले. घाटावरच्या आपल्यासारख्यांना तर हे गाव दिवसभरात जाऊन परत येण्याच्या अंतरावर असूनही.

५/
आता सीमा ओलांडू. कर्नाटकात चामड्याच्या छायाबाहुल्यांचा खेळ करणाऱ्यांना 'किळ्ळेक्यात' म्हणतात. आंध्रात हाच खेळ 'तोलु बोम्मलाट' म्हणून ओळखला जातो, तमिळनाडूत 'तोल्पावैकूत्तु'. खेळाची भाषा अनुक्रमे कन्नड, तेलुगू, तमिळ. पण पडद्यामागे, चुलीपाशी, लेकराला हाक मारताना यांतल्या बहुसंख्य घरांची भाषा मराठी आहे. शतकानुशतकांच्या प्रवासात घासून, मिसळून बदललेली, पण मराठीच. तमिळनाडूतल्या कलावंत कुटुंबांच्या परंपरेत आपले मूळ तंजावरच्या मराठा दरबाराशी जोडले जाते. दक्षिणेतल्या सर्वांत मोठ्या हलत्या चित्रांच्या परंपरेचा एक मोठा भाग मराठी बोलणाऱ्यांच्या हातात राहिला, ही गोष्ट आपल्या शालेय इतिहासात एका ओळीनेही येत नाही. याचे मला नेहमीच आश्चर्य वाटते.

६/
खेळाचे तंत्र साधे आणि विलक्षण आहे. बकऱ्याचे कातडे केस काढून, घासून, पारदर्शक होईतो पातळ करायचे. त्यावर आकृती कोरून नैसर्गिक रंग भरायचे. हातपाय वेगळे कापून दोऱ्याने सांध्यात बांधायचे, म्हणजे ते हलतात. पांढरे कापड ताणून मागे तेलाचा दिवा ठेवायचा. बाहुली पडद्याला टेकली की रेषा ठसठशीत दिसते. दिव्याकडे सरकली की आकृती मोठी आणि धूसर होते. राक्षस अंगावर धावून येतो असे वाटते ते यामुळे. कॅमेरा पुढे-मागे करण्याची युक्ती चित्रपटाच्या कितीतरी आधी या मंडळींच्या मनगटात होती.

खेळ रात्रभर चाले. पावसाने ओढ दिली किंवा गुरांत रोग पसरला की गाव वर्गणी काढून खेळ ठरवीत असे. कर्नाटकात विराटपर्वाच्या पठणाने पाऊस पडतो अशी जुनी श्रद्धा आहे. म्हणजे दुष्काळाच्या वर्षी गावाच्या मध्यभागी, दिव्याच्या उजेडात, कीचक पुन्हा मरत असे.

७/
आणि देव-राजांच्या मध्ये अचानक ते दोघे येत. कर्नाटकात किळ्ळेक्यात आणि त्याची बायको बंगारक्का. समाजाला नाव मिळाले ते या विदूषकावरूनच. काळा, पोट सुटलेला, ओबडधोबड असा तो. तीही त्याला शोभेल अशी. आंध्रातल्या खेळात बंगारक्काबरोबर जुट्टुपोलिगाडू आणि केतिगाडू असतात. यांना रामायणाशी काही देणेघेणे नसे. ते भांडत, मारामारी करीत, एकमेकांच्या चारित्र्याचा उद्धार करीत, शय्येवरच्या गोष्टी चावडीवर आणीत, आणि जाता जाता गावच्या पाटलाला, सावकाराला, कंजूष यजमानाला टोला हाणीत. बाहुल्यांची घडणही त्या संवादांना साजेशी, म्हणजे आज या धाग्यात वर्णन करता येणार नाही अशी.

८/
इंग्रज अमदानीतल्या नोंदकर्त्यांनी हे पाहिले. एडगर थर्स्टन याचा दक्षिण भारतातील जातिजमातींवरील सात खंडांचा ग्रंथ १९०९ मध्ये निघाला. त्यात किळ्ळेक्यातांची नोंद मराठी बोलणारे चित्रखेळ करणारे म्हणून आहे. अशा नोंदींतून एक नाराजीचा सूर ऐकू येतो : धार्मिक कथेत हा ग्राम्यपणा कशाला? प्रश्न विचारणाऱ्याला वाटत होते की ग्राम्यपणा हा खेळाला लागलेला मळ आहे. खेळकऱ्याच्या दृष्टीने तो खेळाचा खांब होता. पहाटे तीन वाजता पेंगणाऱ्या गावाला जागे ठेवायचे तर युधिष्ठिराचा धर्मविचार पुरत नाही.

९/
मुले? ती होतीच. रात्रभराच्या खेळाला घरातले सगळेच येत. तान्हे बाळ मांडीवर, थोरले मूल पडद्याजवळ. त्यांना अर्धे विनोद कळत नसत. पण मोठे हसतात तेव्हा काहीतरी आहे, हे कळे. याचा अर्थ ते सगळे निर्मळ होते असा मी लावणार नाही. बंगारक्काच्या वाट्याचा मार आणि शिव्या पाहिल्या तर बायकांची टिंगल हा त्या विनोदाचा मोठा आधार होता, हे मान्य करावेच लागते. तिथे बसलेल्या मुलीने त्यातून काय उचलले असेल, याची नोंद कोणत्याही ग्रंथात नाही. मुलांना काय दाखवावे या वादात आपण नेहमी 'मुलगा' डोळ्यांपुढे ठेवतो, 'मुलगी' क्वचितच.

१०/
(एक उपकथा. केरळातला छायाबाहुल्यांचा खेळ वेगळा. तो भद्रकालीच्या देवळापुढच्या खास मंडपात, देवीने पाहावा म्हणून होतो. कित्येकदा पडद्यासमोर एकही माणूस नसतो आणि तरीही खेळ रात्रभर चालतो. प्रेक्षकच नसल्याने 'हे कोणासाठी योग्य?' हा प्रश्नही उद्भवत नाही.)

११/
आता कीचक रंगभूमीवर येतो. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ साली रंगमंचावर आले. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे परवश देश, हे प्रेक्षकांना सांगावे लागले नाही. १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. बंदीचा आधार १८७६ चा नाट्यप्रयोग नियंत्रण कायदा होता. लक्षात घ्या, छायापडद्यावर कीचकाला कोणी अडवले नव्हते. रंगभूमीवर त्याला अडवले ते वासनेसाठी किंवा रक्तासाठी नव्हे, तर राजद्रोहासाठी. 'प्रेक्षकांना अयोग्य' या शब्दांचा अर्थ पाहणाऱ्या सरकारच्या भीतीप्रमाणे बदलतो.

१२/
आणि मग कोल्हापूर. आनंदराव आणि बाबूराव हे पेंटर बंधू नाटक कंपन्यांचे पडदे रंगवीत. हलणारे चित्र पाहिले आणि दोघांनी कॅमेरा स्वतः घडवण्याचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी कॅमेरा पुरा केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. भांडवलात तानीबाई कागलकर यांचा वाटा मोठा होता. कंपनीच्या पहिल्या मोठ्या चित्रपटाचा विषय कोणता? 'सैरंध्री'. १९२० च्या फेब्रुवारीत तो पुण्याच्या आर्यन सिनेमात लागला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमाकेसरी' ही पदवी दिली ती याच चित्रपटामुळे.

१३/
पडदे रंगवणाऱ्या माणसाला खोटे खरे कसे दिसते हे ठाऊक असते. बाबूरावांनी भीमाच्या हातून कीचकाचे शिर धडावेगळे होताना असे दाखवले की प्रेक्षकांना ते सहन होईना. सेन्सॉरने ते दृश्य कापायला लावले. १९१८ चा सिनेमॅटोग्राफ कायदा आणि त्यानंतर आलेली परीक्षण मंडळे नुकतीच कामाला लागली होती. त्यांच्या कात्रीचा पहिल्या काही फटक्यांपैकी एक कोल्हापूरच्या चित्रपटाला बसला. दहा वर्षांत तिसऱ्यांदा रेषा सरकली : पडद्यावर सावलीचा कीचक चालतो, रंगभूमीवर कर्झनचा कीचक चालत नाही, चित्रपटात रक्ताळलेला कीचक चालत नाही.

१४/
अ‍ॅनिमेशन या अर्थाने पाहिले तर मान दादासाहेब फाळक्यांचा. 'राजा हरिश्चंद्रा'आधी, १९१२ मध्ये, त्यांनी अंकुराची वाढ चित्रित केली : कुंडीतल्या रोपाची ठरावीक अंतराने चित्रे घेत, म्हणजे काही क्षणांत बी रुजून वर येते. हे भांडवल देणाऱ्या प्रौढ गृहस्थाचे मन वळवण्यासाठी होते. १९१५ च्या सुमारास त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केला. काड्या एकेक चौकटीगणिक सरकवायच्या आणि पडद्यावर त्या आपोआप नाचू लागायच्या. महायुद्धाचे दिवस, कच्च्या फिल्मचा तुटवडा, आणि हाती काय तर काडेपेटी.

१५/
जगात तेव्हा काय चालले होते? पहिला लांबीचा अ‍ॅनिमेशनपट मानला जातो तो क्विरिनो क्रिस्तियानी यांचा 'एल अपोस्तोल', अर्जेंटिना, १९१७. विषय : राष्ट्राध्यक्षाची राजकीय टवाळी. त्याची प्रत आज शिल्लक नाही. शिल्लक असलेल्यांत सर्वांत जुना १९२६ चा, लोट्टे राइनिगर या जर्मन बाईंनी केलेला. काळ्या कागदाच्या कातरलेल्या, सांध्यांत जोडलेल्या आकृत्यांचा, खालून प्रकाश दिलेला. पिंगुळीच्या कलावंताने तो पाहिला असता तर ओळखीचे हसला असता. दोन्हींपैकी एकही खास मुलांसाठी नव्हता.

१६/
१९२९ मध्ये बाबूरावांच्या शिष्यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी स्थापली : शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि भांडवलदार कुलकर्णी. १९३३ मध्ये त्यांनी पुन्हा 'सैरंध्री' घेतला, या वेळी रंगीत. प्रती जर्मनीत तयार करून आणल्या. रंग अपेक्षेप्रमाणे उतरले नाहीत आणि चित्रपट पडला. त्याच वर्षी प्रभातने पुण्याला बिऱ्हाड हलवले. पुढच्या काळात तिथे 'जंबूकाका' नावाचे छोटे कार्टून तयार झाले, आणि भारतातल्या आरंभीच्या कार्टूनपटांत त्याची गणना होते. जंबुक म्हणजे कोल्हा. कोल्हापूर सोडून गेलेल्यांनी पहिले कार्टून कोल्ह्याचे काढावे, यात अर्थ शोधू नये. पण हसायला हरकत नाही. हे कार्टूनही थिएटरात, तिकीट काढून आलेल्या मिश्र प्रेक्षकांसाठी होते. मुलांचा वेगळा खेळ ही कल्पना तेव्हा आपल्याकडे रुजलेली नव्हती.

१७/
ती कायद्याने आली. १९४९ च्या दुरुस्तीने चित्रपटांचे दोन वर्ग झाले : सर्वांसाठी 'यू' आणि प्रौढांसाठी 'ए'. १९५२ च्या कायद्याने ती व्यवस्था पक्की केली. याच सुमारास मुंबई राज्याने तमाशावर अश्लीलतेच्या कारणाने बंदी घातली आणि नंतर वग-बतावणीची संहिता तपासून घेण्याच्या अटीवर ती सैल केली. १९५४ मध्ये रंगभूमी प्रयोग परीक्षण मंडळ आले. सोंगाड्या आणि मावशीचे संवाद आयत्या वेळी सुचत. ते आधी कागदावर लिहून मंजूर करून घ्यायचे म्हणजे काय करायचे, हे कोणत्याही फडमालकाला विचारून पाहायला हवे होते.

१८/
गंमत अशी की ज्या सरकारने प्रौढ आणि बाल असे दरवाजे वेगळे केले, त्यानेच प्रौढांचे कार्टून मुलांपुढे आणले. फिल्म्स डिव्हिजनची स्थापना १९४८ ची. १९५६ मध्ये तिच्या कार्टून विभागाला शिकवायला डिस्नेचे क्लेअर वीक्स आले. तिथे घडलेल्या राम मोहन यांनी १९६८ मध्ये 'बाप रे बाप' केला. विषय कुटुंबनियोजन. प्रमोद पती हे प्राग येथे बाहुलीपट शिकून आलेले. त्यांनीही याच विषयावर चमत्कारिक, प्रयोगशील लघुपट केले. फिल्म्स डिव्हिजनचे लघुपट मुख्य चित्रपटाआधी दाखवणे थिएटरांना सक्तीचे होते. उमा असो की पार्वती, कोल्हापूरच्या टॉकीजमध्ये दारासिंगची कुस्ती पाहायला आलेल्या पोराला आधी लाल त्रिकोण पाहावा लागे. किती मूल असावे यावरचा प्रौढांचा सल्ला त्याने चणेदाणे खात पाहिला, कार्टून म्हणून.

सीमेपलीकडे आणखी विलक्षण घडले. केंद्र सरकारच्या गीत आणि नाटक विभागाने लोककलांच्या पथकांना प्रचाराच्या कामाला लावले. त्यांत बाहुल्यांचे खेळही होते. शय्येवरच्या भांडणांनी गावाला हसवणाऱ्या बाहुल्यांच्या कुळाला आता दोन मुलांचे महत्त्व सांगायचे होते.

१९/
मग 'कार्टून मुलांचे' हे आले कुठून? दूरचित्रवाणीमुळे. टॉम आणि जेरी १९४० मध्ये थिएटरातल्या सर्व वयांच्या प्रेक्षकांसाठी जन्मले. साठच्या दशकात अमेरिकी वाहिन्यांनी शनिवारची सकाळ मुलांना आणि मुलांच्या वस्तू विकणाऱ्या जाहिरातदारांना दिली, आणि जुनी कार्टूने त्या चौकटीत जाऊन बसली. आपल्याकडे दूरदर्शनचा रविवार आणि १९९५ मध्ये आलेले कार्टून नेटवर्क यांनी हेच केले. कार्टूनची पेटी मुलांच्या खोलीत गेली आणि मोठे त्या खोलीतून बाहेर पडले. या दुसऱ्या अर्ध्या घटनेकडे फारसे लक्ष जात नाही.

२०/
शिनचॅनचे उदाहरण घ्या. योशितो उसुई यांची ती चित्रमालिका १९९० मध्ये 'वीकली मांगा अ‍ॅक्शन' या प्रौढ पुरुषांसाठीच्या जपानी साप्ताहिकात सुरू झाली. पाच वर्षांचे पोर मोठ्यांच्या ढोंगावर बोट ठेवते, हा मोठ्यांनी मोठ्यांसाठी केलेला विनोद होता. २००६ मध्ये ती मालिका भारतात मुलांच्या वाहिनीवर हिंदीतून आली, कोल्हापुरातल्या घराघरांत शिरली, पालकांच्या तक्रारींनंतर काही काळ थांबली आणि काटछाट होऊन परतली. मोठ्यांविषयी जे बोलायचे नाही ते मोठ्यांदेखत बोलणारा, अंगविक्षेप करणारा, कोणाचाच मान न राखणारा. हा आपला जुना ओळखीचा आहे. पोट तेवढे आत गेले आहे.

२१/
तरुणांना आणि मुलांना प्रौढांच्या चित्रकथेचे आकर्षण का, याला 'चावटपणा' हे उत्तर मला अपुरे वाटते. मूल मोठ्यांच्या जगात राहते. पण त्या जगाची भांडणे, कर्जे, वासना, भीती त्याच्यापासून लपवली जातात. चित्रातली आकृती ती उघड करते, आणि चित्र असल्यामुळे ती सुरक्षित अंतरावर राहते. खरा माणूस खऱ्या माणसाला मारताना पाहणे वेगळे आणि कातड्याची सावली सावलीला मारताना पाहणे वेगळे. बाबूरावांनी तेच अंतर पुसले, म्हणून लोकांना ते दृश्य झेपले नाही. रात्रभरच्या खेळात कीचक शेकडो वेळा मेला आणि कोणाला काही झाले नाही.

फरक कोणाच्या मांडीवर बसून पाहिले, हाही आहे. बंगारक्काच्या संवादाला शेजारची म्हातारी तोंडावर पदर घेऊन हसे, तेव्हा मुलाला दोन गोष्टी एकदम कळत : हे हसण्यासारखे आहे आणि हे चारचौघांत बोलायचे नाही. मोबाईलवर कानात यंत्र घालून पाहणाऱ्याला यांतली पहिलीच कळते.

२२/
२०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्ती कायद्याने 'यूए' वर्गाचे तीन पोटभाग केले : सातच्या वर, तेराच्या वर, सोळाच्या वर. पालकांनी सोबत ठरवावे, अशी त्यामागची अपेक्षा आहे. आपल्या चित्रपट कायद्यात मुलांच्या वयाचे इतके बारीक तुकडे याआधी नव्हते. कीचकवधाला यांतला कोणता आकडा द्यावा, हे खाली प्रतिसादांत अवश्य सांगा. उत्तरे जुळणार नाहीत याची मला खात्री आहे.

२३/
दरम्यान दक्षिणेतल्या त्या मराठी बोलणाऱ्या घरांत रात्रभराचा खेळ जवळपास संपला आहे. महोत्सवात, शाळेत, पर्यटकांपुढे तासाभराचा प्रयोग होतो : गणपती, थोडे रामायण, टाळ्या. एवढ्या वेळात विदूषक आलाच तर नाचून जातो. त्याचे जुने संवाद पाठांतराने बापाकडून मुलाकडे येत. जे रंगमंचावर बोलले जात नाही ते पुढच्या पिढीला शिकवायचे कशाला, असा साधा व्यवहार आहे. रामाची, सीतेची, दशमुखी रावणाची मोठाली कातडी चित्रे संग्रहालयांच्या काचेआड आणि परदेशी संग्राहकांच्या भिंतींवर मिरवतात. बंगारक्का तिथे त्या मानाने क्वचितच दिसते.

२४/
कोल्हापूरहून कुडाळला उतरणारी कोणतीही वाट धरा. पिंगुळी तिथून अगदी जवळ आहे. गंगावणे कुटुंबाने गुरांच्या गोठ्यात उभारलेले संग्रहालय पाहा, चित्रकथीची पोथी उलगडताना पाहा. प्रयोग संपल्यावर घाई करू नका. जाणत्या माणसाशेजारी बसून हळूच विचारा : पूर्वी रात्री उशिरा, पोरे झोपली असे समजून, पुढे काय दाखवत असत? आणि परवानगी घेऊन ते लिहून ठेवा.